दोन बोटं कापड

अमीनाबादच्या गल्लीतले ते म्हातारे दर्जी चाचा प्रत्येक माप मोठ्याने बोलत वहीत लिहायचे. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायचेच. मुलाच्या पँटला उंचीसाठी, माझ्या कुर्त्याला कमरेसाठी. म्हणायचे, "बदन है बहनजी, बदलेगा ही."

परवा बाबांना पायजम्यासाठी नेलं. चाचांनी लांबी दोनदा मोजली, वहीतलं जुनं पान पाहिलं आणि माप नुसतं पुटपुटले. मी विचारलं,

"चाचा, अंदर कपड़ा छोड़ेंगे न?"

"इनको अब ज़रूरत नहीं," ते मान वर न करता म्हणाले.

घरी येताच मी त्यांनीच शिवलेला माझा नवा कुर्ता उलटा करून शिवण चाचपली. आत कापड होतं, पण एकच बोट.