दहा मिनिटांचं पान

कोपरखैरण्यात माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. दहावीनंतर जे शिकलो, ते लोकांचे रिपोर्ट छापता छापता. रिपोर्ट गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से काउंटरवरच राहतात. शेजारच्या बिल्डिंगमधल्या सर्वेवाल्या ऑफिसचे तर एवढे साठलेत, की त्यांचंच एक बाइंडिंग होईल.

तुर्भ्याच्या एका वस्तीला नवा सरकारी दवाखाना द्यायचा की जुन्यावरच भागवायचं, एवढं त्यांना सांगायचं होतं. मॅनेजर सामंतसाहेब म्हणत, जुना पुरे. आकडे बघणारी प्रज्ञा वस्तीत घरोघर फिरून आलेली. ती म्हणे, नवा हवाच.

*

पहिल्याच आठवड्यात साहेब कव्हर आणि शेवटचं निष्कर्षाचं पान घेऊन आले.

"शेठ, हे छापून ठेवा."

"आणि मधली पानं?"

"सर्वे चालू आहे. प्रज्ञा देईल."

मी आपली जरा जाड कॉइल बाजूला काढून ठेवली.

*

मग नकाशा आला. आजारी माणूस दवाखान्यात पोचलाच नाही, अशा घरावर प्रज्ञाने लाल ठिपका दिलेला. वस्ती लालच लाल.

"फार भडक दिसतंय," साहेब म्हणाले. "शेठ, ब्लॅक अँड व्हाइट काढा."

काढलं. लाल ठिपके काळेकुट्ट उमटले.

प्रज्ञा म्हणाली, "हे बरं झालं सर. आता मागच्या खुर्चीवरूनही दिसेल."

*

तिसऱ्यांदा भांडण माझ्या काउंटरवरच झालं.

"अख्ख्या भागाची सरासरी काढ ना. सगळे दहा मिनिटांवर येतात."

"सर, निम्मे दवाखान्यासमोरच राहतात. वस्ती हायवेच्या पलीकडे आहे."

"सरासरी म्हणजे सरासरी."

पान अकरावर ठळक छापलं: दवाखाना चालत दहा मिनिटांवर.

जाताना प्रज्ञा हळूच म्हणाली, "काका, हे पान सहज निघेल असं बसवा."

"ताई, स्पायरल आहे. कुठलंही पान निघतं."

*

शेवटची मीटिंग दवाखान्याचं ठरवणाऱ्या मोठ्या सरकारी मॅडमनी वस्तीतच ठेवली. साहेबांनी पान अकरा वाचून दाखवलं. मॅडमनी रिपोर्ट मिटला.

"दहाच मिनिटं ना? मग गाडी नको. जुना दवाखाना चालतच बघू."

दुपारचं ऊन, ट्रकची रांग, हायवे ओलांडायचा पूल कुठल्या कुठे. हे मला साहेबांच्या ड्रायव्हरने सांगितलं, तेही चवीने.

संध्याकाळी साहेब दुकानात आले. पायात नवी रबरी चप्पल, हातात बूट. स्टुलावर बसले, पाणी प्यायले.

"शेठ, पान अकरा काढा. आणि शेवटचंही."

"त्या जागी काय घालू, साहेब?"

"प्रज्ञा देईल."