नारळ दोनदा उभा राहिला

वीस वर्षं मी मालिकांमध्ये कामं केली. सासरा, फौजदार, सरपंच, मग परत सासरा. एका मालिकेत तिसऱ्यांदा हृदयविकाराने मेलो आणि ठरवलं, आता बास. होतं नव्हतं ते घालून कॅमेरा घेतला आणि खऱ्या माणसांचे माहितीपट करायला लागलो. घरच्यांनी कपाळावर हात मारला. तेव्हापासून मी नरसिंहपूरच्या संगमावर कॅमेऱ्यासकट होडीतून पडलोय, अंथुर्ण्याच्या उसात वाट चुकून दुपारभर भटकलोय, आणि इंदापुरात एका चहावाल्याने 'तुमी तर मागच्या महिन्यात वारला न्हवं?' असं विचारून मला फुकट चहा पाजलाय. एकूण मजेत आहे.

खोटं रडताना माणसाचं शरीर काय करतं, हे मला पाठ होतं. खरं काही घडताना ते काय करतं, हे बघायची मात्र भारी उत्सुकता होती. म्हणून लोणी भापकरकडच्या एका पाणाड्याबद्दल ऐकलं तेव्हा मला राहवेना. पाणाड्या म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणारा. हे आबा सत्तरीच्या पुढचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचे आणि खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहायचा, असं लोक सांगत. माझा विश्वास होता का? नाही. नव्हताच असंही नाही. मला त्यांचं मनगट बघायचं होतं.

आबा त्या दिवशी एका बाईच्या रानात जाणार होते. नवरा नसलेली, एकटीने दोन एकर माळ कसणारी बाई. सगळे तिला वहिनी म्हणत, मीही म्हणू लागलो. डाळिंबाची रोपं तिने आणून ठेवली होती आणि बोअर घ्यायची होती, पण तिची ऐपत एकाच भोकाची. ते कोरडं गेलं तर रोपं बांधावर वाळणार, हे तिने मला आल्याआल्या सांगून टाकलं.

आबांनी चपला काढल्या, नारळ तळहातावर ठेवला आणि चालू लागले. बांधावर पाचसहा शेजारी बसले होते. एका बाभळीजवळ नारळ हलला आणि सावकाश उभा राहिला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो आणि त्या नादात कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष झालं. चित्र धूसर आलं होतं, शिवाय सूर्य समोरून. वीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "आबा, एकदा परत करा की. जरा इकडून या, उजेडात."

आबा बिचारे भले. परत गेले, मी दाखवलेल्या बाजूने आले, आणि नारळ उभा राहिला. सुंदर चित्र मिळालं. फक्त जागा वेगळी होती. बाभळीपासून चांगली बारा पावलं लांब.

बांधावर एकदम गलका झाला. कुणी म्हणे पहिली जागा खरी, कुणी म्हणे दुसरी, एकाने दोन्हींच्या मधली सुचवली. आबा नारळाकडे बघत उभे होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

वहिनी आबांकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. पदर खोचलेला, आवाज अगदी साधा. "तुमी नट हाय ना? तुमच्या यंत्रात दोन्ही बारीचं हाय. बघा आन् सांगा, सोंग कुठल्यात हाय."

कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर मी दोन्ही चित्रणं पुन्हापुन्हा बघितली. पहिल्या वेळी चित्र धूसर असलं तरी एक गोष्ट दिसत होती. नारळ हलला तेव्हा आबा दचकले होते. दुसऱ्या वेळी नारळ हलायच्या आधी त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं होतं. मी उभ्या आयुष्यात दिग्दर्शकाकडे हजारदा तसं बघितलंय. मला कळलं, पण ते सगळ्यांसमोर म्हणणं म्हणजे त्या म्हाताऱ्याला खोटं पाडणं. मी पुटपुटलो, पहिली जागा.

आबांनी ऐकलं. नारळ खाली ठेवला आणि म्हणाले, "खरं हाय. पयल्यांदा नारळ उठला. दुसऱ्यांदा मी उठवला. पाव्हणा लांबून आलाय, त्याला न्हाय कसं म्हणायचं?" मग दोन्ही हात काखेत घालून ते बांधावर जाऊन बसले. ह्याच्यापुढं नारळ हातात धरायचा न्हाय, एवढंच बोलले.

सकाळी बाभळीजवळ गाडी लागली. दीडशे फूट, दोनशे फूट, नुसती पांढरी भुकटी. प्रत्येक नवा पाइप जोडताना वहिनी भोकाकडे नाही, माझ्याकडे बघायच्या. लाखो लोकांनी मला बघितलं असेल, पण असं कुणी बघितलं नव्हतं. मला कॅमेरा सुरू करायचं भानही राहिलं नाही. तीनशेच्या आसपास भुकटी काळसर झाली, चिखल आला, आणि मग पाणी उसळलं. फार नाही, दोन इंची, पण गोडं. शेजारी ओरडले. मी ओक्साबोक्शी रडलो, आणि ते कसं करतात हे मला मुळीच आठवलं नाही.

आबा सकाळी आले होते, पण बांधावर पाठ करूनच बसले होते. आवाज ऐकूनही वळले नव्हते, हात कालच्यासारखे काखेतच. वहिनींनी कळशी भरून घेतली, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आबा, हात धुवा. जेवायचं हाय."

आबांनी आधी कळशीकडे बघितलं. मग त्यांनी काखेतून हात काढले आणि पुढे केले.