गुरुवारचा डबा

त्या गुरुवारी मी डबा काढून दुकानाच्या टेबलावर ठेवला होता. महाळुंग्यात माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे आणि गुरुवार म्हणजे दादाच्या कंपनीची सुट्टी. नाश्ता आटोपला की तो मोशीहून स्कूटरवर निघायचा, हातातला डबा मला द्यायचा, माझ्याकडचा घ्यायचा, अर्धा कप चहा पिता पिता "काय गं, धंदापाणी?" एवढं विचारायचा आणि जायचा. त्या दिवशी चहा उकळून आटला तरी स्कूटर आली नाही. मला रागच आला. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असेल, पण एक फोन करायला काय होतं याला? तेवढ्यात फोन वाजला, पण तो त्याच्या मुलीचा होता, मयुरीचा. "आत्या, पप्पा..." एवढंच ती बोलू शकली. शर्ट घालताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी होते तशी निघाले. डबा टेबलावरच राहिला.

आमच्या गल्लीतल्या बायकांना वर्षानुवर्षं वाटत आलंय की माझा भाऊ दर गुरुवारी मला मटण आणून देतो. "भाऊ असावा तर असा," असं त्या म्हणायच्या आणि मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. खरं म्हणजे त्या डब्यात खायचं काहीच नसे. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क असे, आणि त्या डिस्कवर आमची आई असे. आता हे जरा नीट सांगायला हवं.

दादा, म्हणजे सुधाकर, चाकणकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. आमचं लहानपण पिंपरीतल्या एका वस्तीत गेलं. तिथे आईचं आणि गल्लीतल्या बायकांचं गाण्याचं मंडळ होतं. जयंतीला, लग्नाला, विहारातल्या कार्यक्रमाला या बायका उभ्या राहिल्या की मोठमोठ्या गायन पार्ट्या गप्प बसत. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कंपनीच्या बोनसमधून टेपरेकॉर्डर घेतला होता. गाणं सुरू झालं की तो समोर ठेवायचा आणि बटण दाबायचं, हे काम दादाचं. पुढे वस्ती उठली, कोणी चिखलीला गेलं, कोणी मोशीला, आणि एकेक करत त्या सगळ्या बायकाही गेल्या. आईच्या मागे कॅसेटची पिशवी दादाकडे आली. उघडून बघतो तर अर्ध्या कॅसेटींवर पांढरी बुरशी. दादा पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "या गेल्या ना, तर आई अजून एकदा जाईल."

मयुरी हिंजवडीला आयटीत आहे. तिने सुचवलं, गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ आणि इंटरनेटवर ठेवून देऊ. दादाला ते पटलं, पण अर्धंच; इंटरनेटचं पुढे राहूनच गेलं. "ठेवू की तिकडंबी. पण आपली वस्तू आपल्या घरात पायजे," असं म्हणत तो चिखलीच्या बाजूच्या भंगारवाल्याकडे गेला आणि कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसचा जुना सर्व्हर घेऊन आला. काळं, लांबलचक, पत्र्याचं धूड. चालू केलं तर पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज! वहिनीने कपाळावर हात मारला आणि त्या धुडाची रवानगी ड्राय बाल्कनीत केली. सोबत मिळालेल्या जुन्या डिस्का दादाने कंपनीत माल तपासतात तशा मयुरीला एकेक करून तपासायला लावल्या. एका डिस्कमध्ये खराबी निघाली, तर तिला लाल चिठ्ठी बांधून खिळ्याला टांगून ठेवली, चुकून कोणी वापरायला नको म्हणून. वहिनी म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा एवढी तपासणी केली नव्हती यांनी."

मग बापलेकीने मिळून त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मयुरीने पेन ड्राइव्हवर फुकट मिळणारी सिस्टीम आणली होती, पण ते धूड पेन ड्राइव्हला ओळखच देईना. ती वैतागली. दादा मात्र खूश, कारण मशीन अडलं की याचा चेहरा खुलायचा. सेटिंग शोधून काढून एकदाचं ते सुरू झालं. मयुरीने समजावलं की सिस्टीम एका छोट्या डिस्कवर वेगळी ठेवायची आणि गाणी दोन मोठ्या डिस्कांवर, दोन्हीकडे जशीच्या तशी, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी आहे. दादाने लगेच ओळखलं, "स्टँडबाय पंप! एक बसला की दुसरा." मयुरी हो म्हणाली, आणि गफलत झाली ती इथेच.

प्रत्येक सुट्टीला बसून त्याने एकेक कॅसेट त्यात उतरवली. सगळं झालं, आणि एके दिवशी गाण्यांची नावं नीट लावायला गेला, तर आईचं पूर्ण फोल्डरच पुसलं गेलं. तो घाबरला नाही. शांतपणे वहिनीला म्हणाला, "स्टँडबाय आहे ना." दुसरी डिस्क उघडली तर तीही कोरी. पंपाचं काय असतं, एक बंद केला म्हणून दुसरा बंद पडत नाही. इथे एकीवर पुसलं की त्याच क्षणी दुसरीवरही पुसलं जातं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आयुष्यभर पंप सांभाळलेल्या माणसानेच करावी अशी ती चूक. कॅसेटी अजून टाकल्या नव्हत्या हे नशीब. पुन्हा पहिल्यापासून उतरवायला बसला, पण दुसऱ्यांदा चालवताना एक जुनी टेप तुटली ती तुटलीच. तिच्यात आईने म्हटलेला पाळणा होता. दादा त्या दिवशी माझ्याकडे येऊन नुसता बसून राहिला... चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी तो आला तो डबा घेऊनच. आईचे दोन सारखे स्टीलचे डबे आमच्याकडे होते, झाकणावर ठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं. "घरात दहा डिस्का ठेवल्या तरी घर एकच," तो म्हणाला. "एक तुझ्याकडं राहू दे. मी नवीन भरून आणणार, जुनी घेऊन जाणार." मी हसून म्हटलं, "आणि मी डबा रिकामा दिला तर?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू विरलं. "आईनं कधी कुणाचा डबा रिकामा परत दिलाय का?" मूठभर साखर का होईना, पण आई डब्यात काहीतरी घालूनच द्यायची. तेव्हापासून आमचा डबा कधी रिकामा गेला नाही, ना इकडून ना तिकडून. ऊन असो, पाऊस असो, त्याचा गुरुवार चुकला नाही. वस्तीतल्या जुन्या लोकांना कळलं तसे तेही लग्नाच्या कॅसेटी, फोटो घेऊन यायला लागले आणि आमच्या डब्यात आईबरोबर सगळी गल्ली येऊन बसली.

एवढ्यावर थांबेल तर तो दादा कसला! कंपनीत आगीची मॉक ड्रिल असते, तशी हा घरात घ्यायचा. सणावाराला सगळे जमलो की सर्व्हरची वायर काढायचा आणि वहिनीला म्हणायचा, "मशीन गेलं. मी नाहीये. आईचं गाणं लाव." वहिनी चिडायची. "अहो, मला कशाला? मयुरी आहे की." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "मयुरी उद्या लग्न करून जाईल. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नसतं, शोभा." त्यांच्याकडे तो नियमच होता. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहिला की मगच आपण हलायचं. वहिनी बडबडत डबा उघडायची, डिस्क लॅपटॉपला जोडायची आणि आई गायला लागायची. दादा घड्याळात बघून म्हणायचा, "मागच्या वेळेपेक्षा बरं." आम्ही पोट धरून हसायचो.

तो गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जुन्या वस्तीतले झाडून सगळे आले होते. आईचं गाणं लावायचं ठरलं होतं. पण आदल्या दिवशी सोसायटीत वीज कमीजास्त झाली आणि सर्व्हर बंद पडला तो चालूच होईना. मयुरी रडकुंडीला आली. बापाच्या कार्यक्रमाला बापाचंच मशीन बंद. तेव्हा वहिनीने मला फोन केला. आवाज बसलेला, पण शब्द स्पष्ट. "ताई, येताना डबा आणा."

मी डबा तिच्या हातात दिला. सगळ्यांसमोर तिने झाकण काढलं, फडक्याची घडी सोडली, डिस्क जोडली. ड्रिलमध्ये करायची अगदी तसंच. आधी खरखर ऐकू आली, भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी लेकरू रडत होतं. मग आई बोलली, "सुध्या, टेप चालू हाय का रं?" आणि मिसरूडही न फुटलेल्या दादाचा आवाज आला, "चालू हाय आई. तू म्हण."

मला रडू आलं, पण खोटं का बोलू, त्याहून जास्त अभिमान वाटला. ज्या माणसाने बटण दाबून तो आवाज धरला, त्यानेच तो हरवला, त्यानेच परत मिळवला आणि स्वतः गेल्यावरही आम्हाला तो ऐकवला. माझा भाऊ होता तो.

मयुरीने नंतर सर्व्हरला दुसरा पॉवर सप्लाय बसवला. डिस्कांना काही झालं नव्हतं, गिरणी पुन्हा सुरू झाली. कार्यक्रमानंतर मी निघाले तेव्हा वहिनीने दुसरा डबा माझ्या हातात ठेवला. "त्या सकाळी यांनी तुमच्यासाठी भरून ठेवला होता, म्हणून मी उघडला नाही. पोचवायचा राहिला." तसाच छातीशी धरून मी तो घरी आणला.

गेल्या गुरुवारी दुकानात बसले होते. चहा ठेवायचा नाही असं ठरवूनही हाताने आधण ठेवलंच. दारात वहिनी उभी. मोशीहून एकटी कधी बाहेर न पडणारी ही बाई दोन बस बदलून आली होती, घामाघूम, खांद्याला पिशवी. पिशवीतून डबा काढून तिने टेबलावर ठेवला, माझ्याकडचा घेतला, झाकण दाबून नीट बसलंय ना ते पाहिलं आणि अर्धा कप चहा पुढ्यात ओढून म्हणाली, "काय ताई, धंदापाणी?"

रिलिव्हर आला होता. दादाने मशीन उगाच सोडलं नव्हतं.