एक्केचाळिसावा नमुना

प्रमाणित करण्यात येते की, सदर व्यक्ती, वय वर्षे चौसष्ट, वजन-मापे खात्यातून निरीक्षक पदावरून सेवानिवृत्त, ओळखीची खूण कायम वर चढलेली डावी भुवई, यांनी एकतीस वर्षांच्या सेवेत कोणावरही विश्वास ठेवल्याची नोंद दप्तरी आढळत नाही. सबब, शहराच्या कॉकटेल उत्सवाचे मुख्य तपासनीस म्हणून त्यांची नेमणूक करण्यात येत आहे.

नेमणूकपत्रात शब्दशः असं नव्हतं. पण त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही लिहायला सांगितलं असतं तर एवढंच लिहिलं असतं. बाजारानं त्यांचं नाव मापसाहेब ठेवलं होतं. नोकरी सुटली, नाव सुटलं नाही. घरी दूध आलं तरी ते पातेल्यात ओतण्याआधी उजेडात धरून बघत.

पत्र तीनदा वाचून त्यांनी बायकोला विचारलं, "मीच का?"

"दुसरं कोणी मिळालं नसेल."

"तेच म्हणतोय मी. दुसरं कोणी का मिळालं नाही?"

बायको चाळीस वर्षं या प्रश्नांबरोबर संसार करत होती. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

उत्सव असा: शहरातले एक्केचाळीस बार आठवडाभर आपापलं एकेक खास पेय छोट्या पेल्यातून देणार, लोक हातात कार्ड घेऊन बारोबार फिरणार आणि आवडेल त्याला मत देणार. गेल्या वर्षी कोणीतरी बोंब मारली होती की गर्दी वाढली तसे बारवाले पेयात पाणी घालत गेले. म्हणून यंदा नवा तपासनीस. समितीचे अध्यक्ष स्वतः पाच बारांचे मालक होते. मापसाहेबांच्या मते सगळा उलगडा इथेच होत होता. तपासनिसाच्या हातून छोटे बार बाद करून घ्यायचे आणि स्वतः नामानिराळं राहायचं, हा अध्यक्षांचा डाव असणार.

एक गोष्ट मात्र त्यांनी समितीला सांगितली नव्हती. बस स्थानकामागच्या बारमध्ये पेयं बनवणारी मुलगी त्यांची लेक होती. सहा वर्षं ती त्या काउंटरमागे उभी होती आणि सहा वर्षं मापसाहेब शेजाऱ्यांना सांगत होते, "हॉटेल लाइनमध्ये आहे." यंदा मालकीणबाईंनी पहिल्यांदाच तिला तिच्या मनाचं पेय उत्सवात लावायची परवानगी दिली होती. चार महिने घरातला फ्रिज संत्र्याच्या भाजलेल्या सालींच्या पाकानं भरलेला होता. समितीनं विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. हे वाक्य मापसाहेबांनी नोकरीत शेकडो दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं आणि प्रत्येकाला दंड केला होता.

तपासणीची पद्धत त्यांनी स्वतः आखली. प्रत्येक बारनं पेय बनवायचं, बर्फ गाळून काढायचा, एक पेलाभर नमुना बाटलीत भरून लाखेनं सीलबंद करायचा आणि कार्यालयात पाठवायचा. सोबत अर्ज: कोणता जिन्नस किती मिली, आणि शेवटी एकूण. बाटलीवर फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, ते बंद पाकिटात. आपल्यासमोर पेय बनवायला त्यांनी कोणालाही बोलावलं नाही. समोर बनवणारा माणूस बोलून बोलून डोळ्यात धूळ फेकतो, हा त्यांचा खात्यातला अनुभव. कलम सातही त्यांचंच: तपासलेल्या नमुन्यात नंतर थेंबाचाही फेरफार चालणार नाही, जे बाटलीत, तेच उत्सवात.

पहिल्या बाटलीचं सील फोडून त्यांनी ती काचेच्या मोजपात्रात ओतली. अर्जात एकूण नव्वद. पात्रात एकशे सोळा.

भुवई आणखी वर गेली.

दुसरी. अर्जात शंभर, पात्रात एकशे सव्वीस. तिसरी, चौथी, दहावी, सगळ्यांची तीच तऱ्हा. लिहिलेल्यापेक्षा साधारण चौथा हिस्सा जास्त. फुकट जास्त द्यायला बारवाले काही धर्मात्मे नव्हते. हे वरचं पाणी होतं आणि सगळ्यांनी ते सारख्याच हिशोबानं घातलं होतं, म्हणजे आधी कुठेतरी बसून ठरवलं होतं. एकतीस वर्षांत एवढी मोठी टोळी त्यांच्या हाती लागली नव्हती. अध्यक्षांचे पाचही बार त्यात असणारच. आठवडाभर मापसाहेब घरी खुशीत होते. बायकोला काळजी वाटायला लागली.

शनिवारी संध्याकाळी एक्केचाळिसावी बाटली उरली. अर्जात नव्वद. पात्रातही नव्वद.

पुन्हा मोजलं. नव्वद. चाळीस चोरांमध्ये एक साव! आनंद व्हायला हवा होता. पण हिशोब जिथे तंतोतंत जुळतो तिथे आधी हात घालायचा, हा धडा त्यांनीच नव्या निरीक्षकांना दिला होता. त्यांनी पाकीट फोडलं. एक्केचाळीस: बस स्थानकामागचा बार.

त्यांनी खुर्चीत बसून घेतलं. सोमवारी सकाळी अहवाल द्यायचा होता. चाळीस बार भेसळीसाठी बाद, आणि शुद्ध कोण, तर तपासनिसाची पोरगी. अख्ख्या शहरानं तोंडात शेण घातलं असतं, आणि पहिली मूठ त्यांनी स्वतः भरली असती. पण तिला बाद करायचं तर कशासाठी? माप बरोबर होतं म्हणून? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपला हिशोब तिला आधी कळला कसा?

रविवारी दुपारी ते पहिल्यांदा त्या बारची पायरी चढले. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. लेक काउंटरमागे लिंबं पिळत होती.

"बाबा? तुम्ही? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. माझे कागद कधी चाळलेस?"

"कसले कागद?"

"साळसूदपणा नको. चाळीस जणांनी पाणी घातलं. तू एकटीच बरोबर कशी?"

लेकीनं सुरी खाली ठेवली. आधी तिला हसू आलं, मग आलेलं हसू तिनं आवरलं. "चाळीसच्या चाळीस?"

"एकजात."

"बसा इथे. आणि आज तरी मधे बोलू नका."

तिनं दुतोंडी मापानं मोजून जिन घेतली, पन्नास. लिंबाचा रस पंचवीस. पाक पंधरा. प्रत्येक माप मापसाहेबांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. शेकरमध्ये बर्फ भरला, झाकण लावलं आणि खांद्याशी धरून खडाखडा हलवला. स्टीलवर दव धरलं. मग गाळून तिनं ते मोजपात्रात ओतलं. पात्र ते बरोबर घेऊनच आले होते.

एकशे पंधरा.

"हे पाणी कोणी घातलं?" मापसाहेबांनी विचारलं.

"कोणी नाही. बर्फ हलवला की विरघळतो, बाबा."

"बर्फ तर गाळला ना?"

"उरलेला गाळला. विरघळलेला कसा गाळणार? तेवढं पाणी लागतंच, नाहीतर घशाला जाळतं. तेवढं पाणी आणण्यासाठीच तर हलवायचं."

मापसाहेबांनी पात्र उजेडात धरलं. "आणि तुझं नव्वद?"

"तुमच्या अर्जात जिन्नस होते, एकूण होतं, पाण्याचा रकाना नव्हता. तेव्हाच ओळखलं, बेरीज करणार तुम्ही. म्हणून बर्फ न लावता नुसतं फ्रिजमध्ये गार केलं. वाटलं, माझ्या बाटलीपाशी तरी तुमची भुवई खाली येईल."

"आणि चव?"

"घासलेटासारखी." ती पुन्हा लिंबं पिळू लागली. "मालकीणबाई दोन दिवस बोलत नाहीयेत. कलम सात आहे ना तुमचं! आता आठवडाभर हेच द्यायचं लोकांना. चार महिने केलेलं ते नाहीच."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, लेकीनं अर्ज बदलायला लावला."

ते असंच म्हणाले असते. यावर शंका घ्यायला त्यांना जागा सापडली नाही.

घरी येऊन त्यांनी अहवाल लिहिला. चाळीस अर्जांत पाण्याचा रकाना स्वतःच्या हातानं आखला, भरला, सही केली. त्यात काही अवघड नव्हतं. नमुन्यात पाणी होतंच, फक्त कागदावर आलं नव्हतं. अवघड होता एक्केचाळिसावा. त्यात दोष नव्हता, आणि दोष नसलेल्या कागदाला हात लावायचा नियम नव्हता. तिथे पाणी लिहायचं म्हणजे बाटलीत नसलेलं लिहायचं, तेही मुलीसाठी, स्वतःचं कलम मोडून. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.

"अहो, एवढा काय विचार करताय? कोणाचा संशय आलाय?"

"माझा," मापसाहेब म्हणाले आणि लिहायला लागले.

सोमवारी अध्यक्षांनी अहवाल वाचला. "म्हणजे साहेब, चोर कोणीच नाही?"

"नाही. आणि शेवटचं पान वाचा. ती माझी मुलगी आहे. हे मी लपवलं होतं."

"ते हो! आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. नाकडोळे तुमचेच की." अध्यक्षांनी पान उलटलंही नाही.

"मग मला नेमलं कशाला?"

"गेल्या वर्षीचा तपासनीस नमुने पिऊन टाकायचा. म्हटलं, न पिणारा बघू."

मापसाहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. यामागेही काहीतरी असणार, असं त्यांना वाटत होतं; पण सापडेना.

शेवटच्या पानावर असं लिहिलं होतं: "नमुना क्रमांक एक्केचाळीस हा अर्जाशी तंतोतंत जुळत असून, तपासनिसाच्या अज्ञानामुळे सदोष झाला आहे. सबब, कलम सात शिथिल करून सदर पेयात बर्फाद्वारे पंचवीस मिलिलिटर पाणी येऊ देण्यास निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही. निम्नस्वाक्षरीकार हा संबंधित बारटेंडरचा पिता असून या निर्णयाची संपूर्ण जबाबदारी त्याची राहील."

उत्सवात ते पेय एकोणिसावं आलं.