आपापला पेला

त्या काळात मला प्लास्टिक हद्दपार करण्याचं वेडच लागलं होतं. हिंजवडीच्या कंपनीत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे आणि कर्वेनगरला घरी येऊन सोसायटीच्या. भाजीवाल्यानं कॅरीबॅग पुढे केली की पर्समधली कापडी पिशवी उपसून त्याला भाषण द्यायचे. "ताई, मेथी घ्या आणि मला सोडा," तो म्हणायचा.

सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या जेवणानंतर दरवर्षी थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग पडायचा आणि कुत्री तो गल्लीभर न्यायची. त्या वर्षी मी सभेत हट्ट धरला आणि फलकावर लिहिलं, "जेवणास येताना प्रत्येकाने आपापले ताट, वाटी व पेला घरून आणावा. विसरल्यास परत जाऊन आणावा." शेवटच्या वाक्यावर मी जाम खूश होते.

बाबांना त्या जेवणाला न्यायचंच, हा माझा दुसरा हट्ट. आई जाऊन आठ महिने झाले होते. सरकारी कचेरीत साहेबांनाही दोन शब्द सुनावणारा हा माणूस माझ्याकडे राहायला आला आणि गप्पच झाला. सबंध दिवस खिडकीत. एकदा चार माणसांत बसून जेवले की मोकळे होतील, अशी मला आशा होती. आणि नाही झाले तर? या विचारानं झोप उडायची.

बाबा फलक वाचून वर आले आणि म्हणाले, "मी नाही येणार."

"का? बरं नाही का?"

"बरा आहे. आपलं भांडं घेऊन दुसऱ्याकडे जेवायला जायचं, ते माझं करून झालंय."

मी लगेच कचऱ्यावर भाषण सुरू केलं. त्यांनी ते पुरं होऊ दिलं, मग सांगितलं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आधीची गोष्ट. गावच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठीचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे. त्यात वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की आपणच विसळून परत टांगायचा. कोणाच्या लग्नाला गेलं तर ताटली घरून न्यायची आणि लांब बसायचं. "तुझी आजी फडक्यात बांधून द्यायची," ते म्हणाले. "मला त्या फडक्याची लाज वाटायची."

एवढी घोडी झाले, पण हे मला माहीतच नव्हतं! आधी त्यांचाच राग आला, इतकी वर्षं सांगितलं का नाही म्हणून. मग स्वतःचा आला, तो जास्त. "काळ बदललाय" असं म्हणणार होते, बरं झालं गिळलं.

जेवणाला चार दिवस होते. ऑफिसात काम सुचेना. सूचना पुसली तर थर्माकोल परत येणार, ठेवली तर बाबा खिडकीतच राहणार. शेवटी आमच्याच जिन्यात दोन मजले वर राहणाऱ्या सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, भांडी आदल्या दिवशीच गोळा करू, सगळी एका ढिगात ठेवू, ज्याच्या हाताला जे येईल त्यात तो जेवेल.

"म्हणजे आमच्या पेल्यात कोणीही पाणी पिणार?"

"हो. आणि तुम्ही कोणाच्याही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आमचं आडनाव दारावर आहे, आणि पुण्यात आडनाव वाचता येत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. "कल्पना तुमचीच, दुरुस्तीही तुमचीच," ते म्हणाले. "मग भांडी घासायची पावडरही तुम्हीच आणा."

फलकावरची नवी सूचना वाचून रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ढिगातून ताट उचललं, पेला उचलला आणि पंगतीत बसले. मी एकेकाचा चेहरा तपासत होते. बाबांनी मात्र जिलबी मागून घेतली, दोनदा.

जेवणं झाल्यावर जो तो आपलं नाव शोधून भांडी घेऊन गेला. एकच पेला उरला. त्यावर सेक्रेटरींचं नाव होतं, आणि बाबा त्यातूनच पाणी प्यायले होते. बाबांना दिसू नये म्हणून मी तो घरी आणून ओट्याखाली लपवला. एक दिवस गेला, दोन गेले, कोणी विचारायला आलं नाही. विसरले असतील का? की आता नको झाला? नुसत्या विचारानं डोकं भणभणायला लागलं.

तिसऱ्या दिवशी तो बाबांना सापडला. त्यांनी नाव वाचलं आणि चपला घातल्या.

"राहू द्या, मी देते," मी म्हटलं.

"पाणी मी प्यायलोय. मीच देतो."

मी दारात कान लावून उभी. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग एकदाची बेल वाजली.

"तीन दिवसांनी उगवलात!" सेक्रेटरींचा आवाज. "मोडीत घातलात की काय म्हटलं! या, आत या, चहा टाकलाय."

बाबा तासाभरानं उतरले. मला रडूच फुटलं. "बाबा, किती घाबरले होते हो मी!"

"मीही," ते म्हणाले. "वर चढताना तीनदा थांबलो."

"गुडघे दुखले?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय! परत फिरावं की काय, ते ठरत नव्हतं."