मुक्ताईची फरशी

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत फरशी हातानेच पुसून हवी असते. उकिडवं बसून, कोपरे धरून. मुक्ताई चार घरी वीस वर्षं अशी पुसत आली. त्यातलं एक घर माझं. गेल्या दिवाळीनंतर तिने काठीचा मॉप हातात घेतला आणि चारही घरांचं डोकं फिरलं. माझंसुद्धा.

"वाकलं की दम कोंडतो," ती म्हणे.

"जिने चढताना नाही कोंडत? बरोबर फरशीलाच कोंडतो! ईसीजी तर चांगला आलाय." वरच्या पद्मजाबाई हे तिच्या तोंडावर म्हणत.

"मग तुमी बसा खाली, मी बघते," मुक्ताईने सुनावलं. झालं. तिला काढायची भाषा सुरू झाली.

म्हणून मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी सांगितली.

"माझ्या पोटात काय नाय," मुक्ताई फणकारली.

सुई नाही, भूल नाही. बरगड्यांखाली जेल लावून यंत्र टेकवलं. ती आडवी झाली तशी घुसमटायला लागली.

"वास घेतल्यासारखं नाकाने जोरात हुंगा," डॉक्टर म्हणाले.

फुप्फुसांखाली स्नायूचा एक पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो. डावीकडचा सरकला. उजवीकडचा उलटा वर चढला. तो लुळा पडला होता, आणि वाकलं की पोट त्याला आणखी वर रेटत होतं. हा तिचा आळस!

मी रिपोर्ट घेऊन उरलेल्या तिन्ही दारांत गेले आणि मोठ्याने वाचून दाखवला. मला वाटलं, आता मान खाली घालतील.

"अरेरे," पद्मजाबाई म्हणाल्या, "मग आजारी बाईला कशाला राबवायचं? उद्या इथेच काही झालं म्हणजे?"

आठ दिवसांत तिन्ही घरं सुटली. आळशी बाईवर इतके महिने ओरडत का होईना, ठेवली होती. आजारी नको. आणि वर याला दया म्हणायचं.

"दारोदार वाचायला तुमाला कुनी सांगितलं व्हतं?" मुक्ताईने मला विचारलं. चूक माझीच होती.

महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एक दिवस रिपोर्ट माझ्या टेबलावर टाकला.

"ठेवा तुमच्याकडंच. कोथरूडला नवं घर धरलंय. गुडघे गेलेत म्हनून सांगितलं. त्या बाईंचेबी गेलेत. मॉप त्यांनीच आनून ठेवला."