त्या दिवशी डॉक्टर हैदराबादला होते

गोंदियाच्या एका हाडांच्या डॉक्टरने माझ्या आईला फसवलं. तो सुटावा म्हणून लागणारा पुरावा मी तयार करून दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरीची लाज वाटते म्हणून मी पहिली गिळणार नाही.

केशोरी सोडली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, बारावी नापास. धानाची रोवणी चालू होती. दादा चिखलाच्या बांधीत वाकलेला, आणि मी पिशवी घेऊन बस स्टॅंडवर उभा. माय शेतातून तशीच आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. शेताच्या धुऱ्यावरून ती इतकी भरभर चालायची की आम्हा भावांना मागून पळावं लागायचं. रडली वगैरे नाही. "जाऊन राहिला तं जा," म्हणाली. "पर कोनाचं फुकट काम करजो नोको." कोहमाऱ्याला गाडी बदलली आणि नागपूरला उतरलो. माझ्यासारखे जे गावातून रायपूरला, सुरतेला, पुण्याला गेले, त्यांना ही उतरण्याची वेळ ठाऊक आहे. आपण कोणाचेच कोणी नसतो, आणि ज्याला घासाघीस येते तोच जगतो.

मला यायची. हाडांच्या ऑपरेशनला लागणाऱ्या प्लेटा, स्क्रू, रॉड विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात मी मापाप्रमाणे स्क्रू लावायला लागलो. पाच वर्षांत त्याचाच माल घेऊन मी दवाखान्यांत फिरत होतो, दहा वर्षांत स्वतःची एजन्सी. लोकांना वाटतं मी गोड बोलून माल विकला. मी वाचून विकला. नागपूरचे तरुण सर्जन एकच विचारायचे, नवीन काय आलंय. ज्याला सांगता यायचं नाही तो दारातच उभा राहायचा. म्हणून मी शोधनिबंध वाचायला लागलो, शब्दकोश मांडीवर घेऊन. एक पान वाचायला आठवडा जायचा.

पुढे वाचनाची माझी अशी रीत बसली. आधी शेवटचं पान. अभ्यासाला पैसा कोणी दिला, ते तिथे बारीक अक्षरांत असतं. प्लेट बनवणाऱ्यानेच दिला असेल तर मी भुवया वर करतो. मग रोगी किती घेतले, आणि ऑपरेशननंतर किती वर्षं त्यांची विचारपूस केली. सहा महिन्यांत सगळ्यांचेच पाय बरे दिसतात, खरं काय ते पाच वर्षांनी कळतं. सगळ्यात शेवटी निकाल. बैलबाजारात दात बघतात तसंच हे, त्यात विद्वत्ता काही नाही. पण एवढंही न करता खुर्चीत बसलेले डॉक्टर मी पाहिले आहेत.

वाचता वाचता एक गोष्ट मला कळली, आणि तिचा मला अजून राग येतो. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की ते माणूस संपलं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. आमच्याकडे पायाला विटा लटकवायचे आणि वाट बघायचे. नागपुरात मी मायच्या वयाच्या बाईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालेलं पाहिलं. त्यानंतरच्या दिवशी ती वॉकर धरून उभी होती आणि सुनेला शिव्या देत होती. दुखण्यापेक्षा अंथरूण मारतं, म्हणून एक-दोन दिवसांत हाड बसवून माणसाला उभं करा, हे तिकडे कधीचं ठरलेलं होतं. आमच्या गावातल्या किती म्हाताऱ्या उगाच सडून गेल्या, हे मी त्या बाईच्या खाटेशेजारी उभं राहून मोजलं. नंतर मोजणं सोडून दिलं.

गोंदियाचा हा डॉक्टर माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. हात चांगला, शिक्षण वीस वर्षांपूर्वी थांबलेलं. माझ्या गाडीत बसला की म्हणायचा, "बोल भाई, नया क्या है?" मी दहा मिनिटांत चार निबंध सांगायचो. तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "ये सब बडे शहर का है." डॉक्टरला नोंदणी चालू ठेवायची तर परिषदांना बसून क्रेडिट पॉईंट मिळवावे लागतात. सभागृहाच्या दारात गळ्यातला बिल्ला स्कॅन होतो, चेहरा कोणी बघत नाही. एका परिषदेत त्याने स्वतःचा बिल्ला माझ्या गळ्यात घातला आणि बायकोबरोबर साड्या घ्यायला गेला. पुढे दरवेळी तसंच. मी त्याच्या नावाने आत बसायचो, तो माझ्याशिवाय कोणाचा माल घ्यायचा नाही. सौदा मीच बोललो होतो. मायने फुकट काम करू नको म्हटलं होतं, ते मी पाळलं असं मला वाटायचं. ज्ञान माझ्या डोक्यात जात होतं आणि प्रमाणपत्र त्याच्या भिंतीवर. यात बिघडतं काय, असं मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

घरच्यांना मीच सांगून ठेवलं होतं, हाडाचं काही झालं तर याच डॉक्टरकडे जा, आपला माणूस आहे.

हैदराबादच्या परिषदेला तर तो आलाच नाही. घरी पाहुणे होते. बिल्ला माझ्याकडे पाठवून दिला. त्या सकाळी माय खळ्यावर घसरून पडली. दादाने तिला गाडीत घालून गोंदियाला नेलं आणि मला फोन लावला. मी सभागृहात होतो, फोन बंद होता. मंचावरचा वक्ता कशावर बोलत होता ते सांगतो. म्हातारपणी मोडलेल्या खुब्यावर, आणि उशीर केल्याने काय होतं त्यावर. मी डॉक्टरच्या नावाचा बिल्ला घालून ते वहीत लिहून घेत होतो.

तिकडे गोंदियात दादाने डॉक्टरला विचारलं, "साहेब, नागपूरले नेऊ का? भाऊ आहे तठी."

"तेरा भाई क्या अलग बोलेगा? मेरा ही तो आदमी है," डॉक्टर म्हणाला. "इस उमर में ऑपरेशन मतलब जान का खतरा. वजन बांध देते हैं, डेढ महिना."

दुपारी जेवणाच्या सुटीत फोन चालू केला, माय पडल्याचा दादाचा निरोप दिसला, आणि मी डॉक्टरला फोन केला. "छोटी दरार है, मैं देख रहा हूँ," म्हणाला. मी ऐकलं. माझ्या धंद्यात कोणी न दाखवता 'छोटी दरार' म्हटलं की आधी एक्स-रे मागायचा असतो. मी मागितला नाही. दुसऱ्या दिवशी माझे दोन दवाखाने ठरलेले होते, आणि आपल्या माणसावर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं.

तीन आठवड्यांनी केशोरीला गेलो. माय घरापुढच्या सपरीत खाटेवर, पायाला दोरीने वजन लटकवलेलं. मी दारातूनच पाहिलं की पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय आणि पाय आखूड झालाय. ती दरार नव्हती, खुबा पुरता मोडला होता. कुशीवर वळवलं तर पाठीखाली तळहाताएवढी जखम. नागपूरला नेलं. तिथले सर्जन एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "एवढी जखम असताना मी आत लोखंड घालू शकत नाही. सगळं कुजेल." जखम भरेपर्यंत हाड वाकडंच जुळून गेलं. आता तिला उठवायला दोन माणसं लागतात. शी-लघवीला माझी वहिनी.

डॉक्टरच्या केबिनमध्ये मी चहा घेतला नाही. तक्रार करतो म्हणालो. तो अजिबात चिडला नाही.

"कौनसे दिन की बात है?"

मी दिवस सांगितला.

"उस दिन तो मैं हैदराबाद में था. सुबह से शाम तक स्कॅन है, जाके देख ले. पर्ची पे किसकी सही है? मेरी नहीं है." खरंच, चिठ्ठीवर त्याच्या मदतनिसाची सही होती. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "शिकायत कर ना. पर पहले ये बता, मेरा बिल्ला किसके गले में था? मेरा रजिस्ट्रेशन जाएगा तो तेरी दुकान बचेगी क्या?"

आयुष्यभर मी सौदे केले, इतका स्वस्तात कधी विकला गेलो नव्हतो. मी उठून आलो. तीन महिने गप्प बसलो. धंदा चालू ठेवला. हेही लिहून ठेवतो, म्हणजे मला कोणी भला माणूस समजू नये.

दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो खळ्यावर धान उधळत होता. सूप खाली ठेवलं नाही. "तुले सारं ठाऊक होतं," म्हणाला. "मंग तू डॉक्टरले शिकवला काऊन नाई? अना नसंल शिकत, तं मले त्याच्याकडं धाडला कायले?"

मायने त्याहून वाईट केलं. ती हसली. "माह्या पायाचं समदं याच्या वहीत लिवलं होतं मनते," ती वहिनीला म्हणाली. "वही चालून राहिली, मी बसून राहिली."

शहरात गेलेल्या आपल्यासारख्यांना एक खोड असते. आपण गावाकडे पैसे पाठवतो, ओळखी पाठवतो, आणि समजतो की आपण जे शिकलो तेही पोचलं. माझं काहीच पोचलं नाही. माझी फक्त ओळख पोचली, आणि तिनेच मायला त्या खाटेवर नेऊन टाकलं. पूर्वी गावी गेलो की लोक गुडघे, मणके दाखवायला यायचे. आता सपरीत मायची खाट दिसते आणि दारातूनच परत जातात. एक म्हातारा जाता जाता ऐकू येईल असं बोलला, "हाडाचा बेपारी आहे, सोताच्या मायचं हाड नाई बसवता आलं गा." घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच, जिथे मला हे ऐकून घ्यावं लागतं. तरी मी दर पंधरा दिवसांनी जातो. तिला कुशीवर वळवायची पाळी माझी असते.

म्हणून हे लिहितोय. हैदराबादच्या त्या सभागृहात सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो बिल्ला माझ्या गळ्यात होता. त्याआधीच्या सगळ्या परिषदांतही होता. हेच सहीनिशी लिहून मी डॉक्टरांच्या नोंदणीच्या कचेरीत दिलं आहे. माझी एजन्सी गेली तर जाऊ द्या. दोन दवाखान्यांनी आत्ताच माल परत पाठवलाय.

डॉक्टरसाहेब, केशोरीला या. बस स्टॅंडवर कोणीही घर दाखवेल. माझ्या मायसमोर बसा आणि तिला सांगा, त्या दिवशी तिच्या पायाला वजन कोणी बांधलं. तुम्ही नव्हता, तर कोण होतं त्याचं नाव घ्या. तुम्ही होता, तर तिला दोन दिवसांत उभं का केलं नाही, ते तिच्या तोंडावर सांगा. ती ऐकायला बसलेली आहे. तिला दुसरीकडे कुठे जाता येत नाही.